श्वास कोरडा ठेवून

इंजिन बंद करा. गाडी साइड स्टँडवर लावा आणि स्टँडखाली एक चपटा दगड सरकवा, म्हणजे तो वाळूत रुतणार नाही. हेल्मेट काढा, हातमोजे काढा. पाण्यापासून चार पावलं लांब एखादा मोठा दगड बघून बसा. आता थोडा वेळ कुठेही पोचायचं नाही.

तुम्ही हिमाचलमध्ये आहात, लाहौलमधल्या चंद्रा नदीच्या खोऱ्यात. मागे छत्रू राहिलं, पुढे बातल आहे. त्याच्या पुढे साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड आणि खिंडीपलीकडे स्पिती. ग्राम्फू ते काझा या रस्त्यावर डांबर कमी आणि धोंडे जास्त. सोबतीला चंद्रा वाहते आहे. तीच खाली तांदीला भागा नदीला मिळते आणि पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते. समोर डोंगरावरच्या बर्फातून निघालेला एक नाला रस्ता आडवा कापून चंद्रेकडे धावतो आहे. पूल नाही. रस्ता या बाजूने पाण्यात शिरतो, त्या बाजूने बाहेर येतो. मधलं आपलं आपण बघायचं.

घरी खुर्चीत बसून हे वाचत असाल तरी हरकत नाही. तळपाय जमिनीला टेकवा. खांदे सैल सोडा. एक श्वास बाहेर सोडा. आधी सोडा, मग घ्या. या सगळ्या मननात एवढी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची आहे.

काठ

पहिल्यांदा नुसतं ऐका. पाण्याचा खळाळ वरचा. त्याच्या खालून मधूनच एक जड, दबका आवाज येतो का? तो तळाशी गडगडणाऱ्या धोंड्यांचा असतो. जे पाणी धोंडा हलवतं ते चाकही हलवेल. तो आवाज येत असेल तर बसून राहा.

आता रंग बघा. हिमनदी खडकावरून घासत उतरते तेव्हा दगडाचं पीठ होतं आणि ते पाण्यात मिसळतं. म्हणून हे पाणी राखाडी आणि गढूळ दिसतं, तळ दिसत नाही. एक वीत खोल आहे की एक हात, हे डोळ्यांना कळत नाही. इथे डोळ्यांचा अंदाज पुरा पडणार नाही, एवढं मनाशी मान्य करा आणि पुन्हा एक श्वास सोडा.

मग वेळ बघा. बर्फाचं पाणी उन्हावर चालतं. रात्रभर गारठा असतो, वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे नाला सगळ्यात लहान असतो. दिवसभर ऊन बर्फावर पडतं आणि ते पाणी उतरून रस्त्यापर्यंत यायला वेळ लागतो. त्यामुळे दुपार कलताना तोच नाला फुगलेला भेटतो. इथले जुने चालक भल्या पहाटे निघतात ते यामुळेच. तुम्ही संध्याकाळी येऊन पोचला असाल तर मागे फिरून ढाबा गाठा. राजमा-भात खा, रजई ओढून घ्या. तुम्ही घोरत असताना नाला आपोआप उतरतो. झोपून मिळणारं असं कौशल्य दुसरं कोणतं नाही, ते आनंदाने पदरात पाडून घ्या.

काठावर माणसं जमतात. पुण्याची टोळी असते, केरळहून आलेलं जोडपं असतं, दिल्लीची मुलं असतात, एखादा ट्रक थांबलेला असतो. दहा मिनिटांत सगळे एकमेकांचे सल्लागार होतात. कुणी डावीकडून जा म्हणतं, कुणी उजवीकडून, कुणी ओरडून सांगतं की काही बघू नको, फक्त रेस दे! सगळे मनापासून सांगत असतात, आणि परक्या मुलखात परक्या माणसासाठी एवढी कळकळ वाटावी हे मला फार मोलाचं वाटतं. फक्त एक खूण लक्षात ठेवा. ज्याची पँट ओली आहे त्याचं आधी ऐका. तो आत जाऊन आला आहे.

आता मनाला विचारा: सध्या मी ज्या निर्णयाच्या काठावर उभा आहे, त्याबद्दल मी कुणाचं ऐकतो आहे? त्यांच्यातल्या कुणाची पँट ओली आहे?

घोट्याएवढं

उठा. गाडी तिथेच राहू द्या आणि पायी पाण्यात उतरा.

पहिल्याच पावलाला श्वास अडकतो. हे पाणी थोड्या वेळापूर्वी बर्फ होतं. गार पाण्याचा अचानक स्पर्श झाला की शरीर आपण न सांगता एक मोठा श्वास आत ओढतं आणि मग भराभर श्वास घेऊ लागतं. यात भित्रेपणा नाही, ही कातडीची आणि छातीची जुनी रीत आहे. ती एक-दोन मिनिटांत ओसरते. तोवर घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहा. श्वास लांब सोडा. ‘आई गं’ म्हणून ओरडावंसं वाटलं तर खुशाल ओरडा. ओरडण्यातही श्वास बाहेरच जातो.

आता पायाने वाचायला लागा. एक काठी घ्या आणि पुढची जागा तिने चाचपा. पाणी जिथे रुंद पसरून खळखळतं तिथे बहुधा उथळ असतं, कारण तळाचे दगड पृष्ठभागाजवळ आलेले असतात. जिथे ते आवळून, गुळगुळीत होऊन, बिनआवाजी वाहतं तिथे खोली असते. बघणाऱ्याला गुळगुळीत जागा सोपी वाटते आणि खळखळती जागा भीती दाखवते. पाय मात्र उलट सांगतात. पायांवर विश्वास ठेवा.

एकदा प्रवाहाच्या खालच्या बाजूलाही बघा. इथे पडलो तर कुठे जाऊ? खाली पसरट वाळू असेल तर पडणं म्हणजे ओले कपडे. खाली घसरडा उतार आणि थेट चंद्रेचं पात्र असेल तर पडण्याचा अर्थ वेगळा आहे.

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा लोकांना बजावत असते की जोरात वाहणारं अवघं १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं, आणि ३० सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं. घोट्याच्या जरा वर एवढीच ती पहिली खोली. म्हणून पायी पलीकडे जा आणि पायी परत या. जिथे दोन पायांवर उभं राहता येत नाही, तिथे दोन चाकांवरही राहता येणार नाही.

गुडघ्याएवढं

परत काठावर या. बूट काढून पाणी ओता, मोजे पिळा. मोज्यांतून निघणारं पाणी बघून शेजारचा हसेल, तुम्हीही हसा. आता गाडीजवळ बसा आणि तिच्याकडे नीट बघा.

ही गाडी दूर जाण्यासाठी बनवलेली आहे. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घ्या. पोटाखाली २३० मिलिमीटर जागा, पेट्रोलसकट वजन १९६ किलो, पुढे २१ इंची चाक. त्यावर टायर चढला की चाकाचा मध्य जमिनीपासून साधारण ३५ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे घोट्याएवढं पाणी पोटाखालून निघून जातं, पोटरीएवढं पाणी चाकाच्या मध्याशी येतं, आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात इंजिनाचा बराचसा भाग बुडतो. लोखंडाला पाण्याचं भय नाही. इंजिन बाहेरून भिजलं तरी आत आग पेटत राहते.

भय एकाच जागी आहे. सीटच्या किंवा टाकीच्या खाली कुठेतरी एक तोंड असतं. त्यातून हवा आत जाते, फिल्टरमधून गाळली जाते आणि सिलिंडरात पोचते. इंजिन त्या तोंडाने श्वास घेतं. हवा आत, हवा दाबली, ठिणगी, हवा बाहेर. हेच चक्र मिनिटाला हजारो वेळा. या गाडीत पिस्टन आतली हवा साडेअकरा पट दाबतो, आणि हवा दबते. पाणी दबत नाही. त्या तोंडातून पाणी शिरलं आणि सिलिंडरात साठलं, तर वर येणारा पिस्टन न दबणाऱ्या गोष्टीवर आदळतो. मग त्याचा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि पोलादाचा तो दांडा वाकतो. रेस जितकी जास्त, तितकं नुकसान मोठं.

म्हणून गाडी किती खोल पाण्यातून जाईल, याचं उत्तर तिच्या ताकदीत सापडत नाही. ते त्या तोंडाच्या उंचीत सापडतं. मी त्याला श्वासाची रेषा म्हणतो. रेषेच्या खाली काहीही बुडू दे, चाकं, चेन, इंजिनाचं पोट, बूट. रेषा कोरडी हवी. आणि रेषेच्या वर थोडी जागा राखूनही ठेवायला हवी, कारण गाडी चालू लागली की पुढ्यात पाण्याची लाट उठते. वेग वाढवला की लाट उंच होते. हळू जाणाऱ्याला तेच पाणी कमी खोल लागतं.

इथे थांबा. एक हात छातीवर ठेवा. बातलच्या उंचीवर, म्हणजे चार हजार मीटरच्या आसपास, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. तुम्हाला धाप लागते आणि इंजिनही मंदावतं. दोघांना एकच हवा पुरवून घ्यायची आहे.

आता आठवा, तुमच्या रोजच्या जगण्यात कायकाय बुडालेलं आहे. कामाचा ताण गुडघ्याला आला असेल, घराचे हप्ते पोटरीला लागत असतील, घरातल्या आजारी माणसाची सेवा करताना झोप वाहून जात असेल. या सगळ्यात माणूस चालू शकतो, खूप लांब चालू शकतो. प्रश्न एवढाच आहे: माझा श्वास कुठून आत येतो? एखादी मैत्रीण, संध्याकाळचं फिरणं, अर्धा तास गाणं, देवापुढचा दिवा, कोणाशी तरी खरं बोलणं. ते तोंड अजून पाण्याच्या वर आहे का? घाईने उत्तर देऊ नका. श्वास सोडा आणि थांबा.

मांडीएवढं

समजा, चाचपताना पाणी मांडीला लागलं.

या खोलीवर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. प्रवाहाचा रेटा वाढतो, आणि तो सरळ हिशेबाने वाढत नाही: वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. त्याच वेळी गाडी हलकी होते, कारण जितके लिटर पाणी बाजूला सरतं तितके किलो वजन पाणी उचलून धरतं. टायरची पकड वजनावर असते. म्हणजे ढकलणारा जोर वाढतो आणि धरून ठेवणारा घटतो. मागे दोन्ही बाजूंना ३५ लिटरच्या पाणी न शिरणाऱ्या पेट्या लावल्या असतील, तर त्या अर्ध्या बुडाल्या तरी मागचं चाक ३५ किलोंनी उचलू बघतात. कपडे कोरडे राहावेत म्हणून हौसेने घेतलेल्या त्या पेट्या ऐन नाल्यात पोहायला निघतात. सामान उतरवून डोक्यावरून पलीकडे नेणारी माणसं दिसतात ती याचसाठी, आणि तो देखावा कितीही गमतीचा दिसला तरी ती शहाणी माणसं असतात.

मांडीएवढं पाणी आणि त्याला ओढ असेल, तर उत्तर ठरलेलं आहे. मागे फिरा.

हे दोन शब्द मनात उच्चारा आणि आत काय होतं ते बघा. छाती आवळते का? सुट्टी मोजकी आहे, हॉटेलचे पैसे भरले आहेत, बाकीचे गेले आहेत, घरी फोटो पाठवायचा आहे. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांना नीट बघा, त्यांच्यावर रागावू नका. मग लक्षात घ्या की यातलं एकही कारण पाण्याची खोली एका बोटानेही कमी करत नाही.

मागे फिरणं आपल्याकडे नवीन नाही. पावसाळ्यात कोकणात, मावळात, कोल्हापूरकडे फरशीवरून पाणी गेलं की माणसं अलीकडे थांबतात. कोल्हापूरकरांना पंचगंगेचे दोन आकडे पाठ असतात: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पाणी चढायला लागलं की अख्खं शहर त्या आकड्यांकडे कान लावून असतं आणि वेळेवर जनावरं सोडतं, सामान माळ्यावर चढवतं. आपली रेषा माहीत असलेलं ते शहर आहे. आणि तरीही दर पावसाळ्यात कुणीतरी ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत भरल्या फरशीवर गाडी घालतो. त्याच्या मागे राहिलेल्या घराचा विचार करा. मग पुन्हा एकदा ते दोन शब्द म्हणा. या वेळी ते थोडे सोपे जातील.

आता उतरा

आज नशीब चांगलं आहे. पहाट आहे, पाणी पोटरीला लागतं, वाट पायाखालून गेलेली आहे. हेल्मेट चढवा. काठावर उभ्या असलेल्या दोघांना खालच्या अंगाला उभं राहायला सांगा, पण गाडीच्या थेट वाटेत नको. प्रवाहात पडलेली गाडी माणसाला खाली दाबू शकते, म्हणून त्यांनी थोडं बाजूला राहावं आणि तुम्ही पडलात तर गाडीच्या वरच्या अंगाला सरकावं.

पहिला गिअर. गिअर बदलायचा नाही. क्लच थोडा दाबून, रेस सारखी ठेवा, ना जास्त ना कमी. सायलेन्सरचं तोंड पाण्याखाली गेलं तरी चालतं. इंजिन सुरू आहे तोवर आतला धूर पाण्याला बाहेर ढकलत राहतो आणि मागे बुडबुडे उठतात. भीतीने रेस सोडली आणि इंजिन बंद पडलं, तर ढकलणं थांबतं आणि पाणी नळीतून वर चढतं. गाडीलाही श्वास सोडत राहावा लागतो. तुम्हीही सोडत राहा.

नजर पलीकडच्या काठावर. पुढच्या चाकाशी वाकून बघितलं की वाहतं पाणी नजरेला आपल्याबरोबर ओढून नेतं आणि हँडल नकळत त्या बाजूला वळतं. पलीकडे एक दगड निवडा आणि त्याच्याकडेच बघा. हात सैल ठेवा. पुढचं चाक धोंड्यांवरून उडेल, हलेल, स्वतःची वाट शोधेल. त्याला शोधू द्या. वजन पायांवर घ्या. पाय टेकावा लागला तर टेका, त्यात कमीपणा नाही.

आणि गाडी आडवी व्हायला लागली तर? अंगठ्याने किल स्विच दाबा. सगळ्यांत आधी तेच, कारण बंद इंजिन पाणी ओढत नाही. मग गाडी सोडा आणि स्वतः उभे राहा. गाडीचे सुटे भाग मनालीत मिळतात, तुमचे मिळत नाहीत. ती बाहेर काढल्यावर स्टार्टर दाबण्याचा मोह आवरा. प्लग काढा, मग इंजिन फिरवा म्हणजे आत शिरलेलं पाणी प्लगच्या भोकातून बाहेर उडेल. त्या भोकात डोकावून बघायला नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी वाकतंच, त्याला आधी मागे ओढा. फिल्टर वाळवा, ऑईल तपासा. ते दुधाळ झालं असेल तर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पलीकडे

चाकाखाली कोरडे दगड लागतात. ब्रेक ओले आहेत. थोडं अंतर हलके दाबत जा, म्हणजे वाळतील. मग थांबा. आणि बघा, काय होतं.

हसू येतं. जवळजवळ प्रत्येकाला येतं. ज्याने सकाळपासून कुणाशी शब्द काढला नाही तोही हसतो. दोन्ही काठांवर हसण्याचा गलका होतो. बुटांतून पाणी सांडतंय, एकाची पाण्याची बाटली चंद्रेला अर्पण झाली आहे, ‘फक्त रेस दे’ म्हणणारा अजून पलीकडेच उभा राहून सल्ला देतो आहे.

हे हसू विनोदाने आलेलं नाही. शरीराच्या हिशेबाने बघितलं तर हसणं म्हणजे लागोपाठ सोडलेले छोटे श्वास. मघाशी गार पाण्याने जो श्वास आत ओढून घेतला होता, मधल्या धोंड्यावर जो धरून ठेवला होता, तो आता सुटतो आहे. म्हणून पाण्याच्या काठी हसणं हा फावला चाळा नाही. श्वास मोकळा झाल्याची ती खात्री आहे. मला तर वाटतं, ज्या टोळीत हसता येतं ती टोळी सुखरूप परत येते, कारण तिथे ‘मला भीती वाटतेय’ हेही म्हणता येतं.

पण हसण्याला क्रम आहे. कुणी पडलं तर आधी माणूस, मग गाडी, मग हसू. आणि पहिलं हसू पडलेल्याचं. तो हसला की सगळ्यांनी हसावं. तो हसला नाही तर कोरडे मोजे द्यावेत, गरम चहा द्यावा आणि वाट बघावी. पुढच्या ढाब्यावर तो स्वतःच गोष्ट सांगायला लागेल आणि त्याच्या गोष्टीत नाला बराच खोल झालेला असेल. होऊ द्या.

आता एकदा शांतपणे आठवा: मी अवघड पाणी ओलांडलं तेव्हा खालच्या अंगाला कोण उभं होतं? त्या माणसाचं नाव मनात घ्या. आणि आज मी कुणासाठी तिथे उभा राहू शकतो? हे नावही मनात घ्या.

शेवटी हाताने करायचं एक काम. घरी गेल्यावर गाडीची सीट काढा. हवा घेणारं तोंड कुठे आहे ते शोधा, सापडलं नाही तर मेकॅनिकला विचारा. टेप घेऊन जमिनीपासून त्याची उंची मोजा. लाटेसाठी त्यातून एक वीत वजा करा. उरलेला आकडा स्वतःच्या पायावर कुठे येतो ते बघून ठेवा आणि घरातल्या माणसांनाही सांगून ठेवा. गाडी नसेल तर एका कागदावर लिहा: माझा श्वास या या गोष्टींतून येतो आणि पाणी इथवर आलं की मी थांबणार. पुढच्या नाल्यापाशी तुम्ही पोचाल तेव्हा थकलेले असाल, उजेड कमी असेल, सोबतचे पुढे गेलेले असतील. किती खोल उतरायचं हे त्या वेळी ठरवायचं नसतं. ते आज, कोरड्या जमिनीवर, श्वास मोकळा असताना ठरवा.